वयाची अट

माझ्या नवऱ्याला एकच बहीण, त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठी. मी त्यांना वन्सं म्हणते, मुलं आत्या म्हणतात. पेणच्या खारेपाटात, खाडीच्या कडेला त्यांचं गाव आहे आणि तिथल्या दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहतात. लग्नानंतर तीन वर्षांत त्या माहेरी परत आल्या होत्या. का, ते घरात कोणी बोलत नाही आणि मीही कधी विचारलं नाही. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केलं, नंतर पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम केलं. त्या कमाईवर माझा नवरा आयटीआय झाला आणि धाटावच्या एका कंपनीत लागला.

आम्ही नदीच्या पलीकडे, रोह्यासमोरच्या अष्टमीला राहतो. मी पूल ओलांडून रोह्याच्या एका शाळेत शिकवायला जाते. मुलगी झाली आणि माझी रजा संपली, तेव्हा वन्सं न बोलावता आल्या. सोमवारी सकाळच्या एसटीने यायच्या, शनिवारी दुपारी परत जायच्या. मुलगी बालवाडीत जाईपर्यंत हे चाललं. मुलीनंतर पाच वर्षांनी मुलगा झाला, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. माझी दोन्ही मुलं पहिल्यांदा ज्या माणसाकडे चालत गेली ते माणूस म्हणजे वन्सं. मी दोन्ही वेळा शाळेत होते.

तीन वर्षांपूर्वी मुलगी दहावीला होती. परीक्षा झाली की आपण वाघ बघायला जायचं, असं तिने तिच्या बाबांकडून कबूल करून घेतलं होतं. अभ्यासाच्या मधल्या वेळात तिने एक वहीच केली. आधी ताडोबा, मग पेंच, परत येताना एक दिवस नागपूर. कुठल्या गेटने आत जायचं, सकाळची फेरी चांगली की दुपारची, उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावरं कधी येतात, कपडे कुठल्या रंगाचे घालायचे, सगळं तिने त्यात लिहिलं होतं. एका पानावर जिप्सीचं चित्र काढून सहा चौकोन केले होते. एका जिप्सीत सहाच माणसं बसतात. आम्ही चौघं आणि आत्या, असे पाच चौकोन तिने भरले. सहावा रिकामा.

वन्संनी येणार का म्हणून विचारल्यावर आढेवेढे घेतले नाहीत. एरवी कुठे जायचं म्हटलं की कोंबड्या आहेत, शेजारणीचं काम आहे, गुडघा दुखतो, असं काहीतरी निघायचं. या वेळी त्या लगेच म्हणाल्या, "येते की." मग मुलाला जवळ घेऊन वाघ किती लांबून दिसतो, तो माणसाकडे बघतो का, असं विचारत बसल्या. अलिबाग, महाड आणि एकदा माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबई, यापलीकडे त्या कुठे गेल्या नव्हत्या.

जंगलात शिरायचा परवाना आधी काढावा लागतो आणि त्यावर प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा नंबर लागतो. गेटवर मूळ कार्ड दाखवावं लागतं. वन्संच्या आधार कार्डावरचा फोटो इतका जुना आणि काळपट होता की त्यावरून त्या ओळखूच यायच्या नाहीत. मी त्यांना नवीन फोटो काढून घ्यायला सांगितलं. त्या पेणच्या आधार केंद्रात गेल्या, तर मशीनवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. मिठात काम केलेल्या बायकांचं असं होतं. बोटांच्या रेघाच पुसल्या जातात. केंद्रातल्या बाईंनी त्यांना हाताला तेल लावून आठवड्याने या म्हणून सांगितलं. त्या रोज झोपताना खोबरेल लावून आठवड्याने पुन्हा गेल्या. तेव्हाही चार बोटं आली, बाकीची नाही. तिसऱ्या खेपेला काम झालं. हे सगळं त्यांनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी वह्या तपासत होते. बरं झालं म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर माझ्या भावाचा फोन आला. तो माझ्याहून लहान, पुण्यात नोकरीला. तो आणि त्याची बायको आमच्याबरोबर यायचं म्हणत होते. आमचं माहेर कोलाडच्या आत, भाताचं आणि वालाचं. आम्ही दोघं एकाच मातीतले. पण लग्नानंतर तो पुण्याचा झाला आणि मला त्याच्या घरी गेलं की उगाच सांभाळून बोलावंसं वाटायचं. भावजयीने मला कधी कमी लेखलं असं एकदाही झालं नव्हतं. ते सगळं माझ्याच मनात होतं. तरी ते दोघं आपणहून आमच्याबरोबर यायचं म्हणतात, याचा मला फार आनंद झाला. मी विचार न करता हो म्हटलं.

मग मोजलं तर सात माणसं झाली.

नवरा म्हणाला, दुसरी जिप्सी बघू. मी बघितलं. आम्हाला हव्या त्या दिवशी त्या गेटचे परवाने भरत आले होते. दुसऱ्या गेटचे होते, पण मी तेवढ्यावर थांबले आणि त्याला सांगितलं की नाहीत. त्याने आणखी एक मार्ग काढला. तो म्हणाला, "मी बाहेर थांबतो. ताईला बसू दे माझ्या जागी. मला काय, मी झोप काढीन." तो खरंच थांबला असता. मी म्हटलं, मुलांना बाबा हवेत, तुम्ही नसाल तर कसली सहल.  शिफ्ट करून आलेला माणूस फार वेळ वाद घालत नाही, हे मला माहीत होतं.

खरं कारण वेगळंच होतं आणि ते मी त्यालाही सांगितलं नाही. वन्संना चहानंतर मशेरी लागते. उंबऱ्यावर बसून बोटाने दातांना लावतात आणि मग बराच वेळ तोंड धरून बोलतात. जेवताना भात कालवून मोठा घास घेतात. मोठ्याने बोलतात, कारण खाडीवरच्या वाऱ्यात हळू बोलून कुणाला ऐकू जात नाही. माझ्या घरात मला यातलं काही खटकलं नव्हतं. पण आम्ही उतरणार होतो त्या रिसॉर्टच्या जेवणाच्या हॉलचे फोटो मी बघितले होते. पांढऱ्या कपड्याची टेबलं, काचेच्या भांड्यांत सॅलड. तिथे एका बाजूला भावजय आणि दुसऱ्या बाजूला वन्सं बसलेल्या मला दिसल्या आणि मला ते नको झालं. इतकंच होतं ते.

"ताईला कोण सांगणार?" नवऱ्याने विचारलं.

मी सांगते म्हटलं.

एका संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी फोन लावला. जागा कमी पडते, असं सांगायचं ठरवलं होतं. पण तसं सांगितलं तर त्या म्हणतील, तुझा भाऊ नंतर ठरला, मी आधी. म्हणाल्या नसत्या, पण मला तसं वाटलं. आणि त्यांचा आवाज ऐकल्यावर तोंडून दुसरंच आलं. मी म्हटलं, "वन्सं, एक अडचण झाली. जंगलात वयाची अट आहे म्हणे. साठच्या वरच्या माणसांना आत सोडत नाहीत. गाडी फार उडते, रस्ते कच्चे, म्हणून."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"व्हय का?" त्या म्हणाल्या. "मंग नाय. सरकारचा नियम हाय, त्याला कोन काय करनार." आणि लगेच, "पोरांना टोप्या घे गो. तिकडं ऊन लय असतं बोलतात."

मुलांनाही मी तेच सांगितलं. मुलीने वहीतला आत्याचा चौकोन खोडला नाही, तिथे फक्त मामाचं नाव शेजारी लिहिलं. तिने एकदा विचारलं की हे कुठे लिहिलंय, तिला तर वाचल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, नवीन नियम आहे. मी शिक्षिका आहे. मी काही सांगितलं की मुलं ते लिहून घेतात, अशी मला सवय आहे.

मे महिन्यात आम्ही निघालो. घर बघायला म्हणून वन्सं आदल्या दिवशीच अष्टमीला येऊन राहिल्या. निघताना मुलाच्या हातात त्यांनी पोह्याच्या पापडांचा डबा दिला, तिकडे तळून मिळतील का ते बघा म्हणून. रोह्याहून गाडीने कल्याण आणि तिथून नागपूर. भाऊ आणि भावजय तिथे भेटले. नागपूरहून एक मोठी गाडी केली होती. चंद्रपूरच्या रस्त्याला लागल्यावर भावजय म्हणाली, "ताई, तुमच्या नणंदबाई येणार होत्या ना? मला वाटलं या वेळी भेट होईल. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आले होते तेव्हा त्यांनी वालाचं बिरडं केलं होतं, ते मी अजून आईला सांगते." मी म्हटलं, वयाची अट आहे. ती म्हणाली, "असं असतं?" आणि बाहेर बघू लागली. नवरा पुढच्या सीटवर होता. त्याने मान वळवली नाही. माझी ती वयाची अट त्याच्यापर्यंत वन्संकडूनच पोचली असणार, आणि त्याने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गेटवर रांगेत होतो. आमच्या पुढच्या जिप्सीत एक आजी बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या नक्कीच. डोक्याला रुमाल बांधलेला, गळ्यात दुर्बीण, मांडीवर उशी. त्यांचा मुलगा त्यांना धरून नीट बसवत होता आणि गेटवरचा माणूस त्यांचं कार्ड बघून परत देत होता. माझ्या मुलाने मला कोपराने ढोसलं आणि तिकडे बोट केलं. मी त्याचा हात खाली केला.

आमच्याबरोबर गाईड म्हणून जवळच्याच गावातली एक बाई होती, खाकी कपड्यातली, माझ्याच वयाची. ती चढून बसली तशी मुलीने तिला विचारलं, "इथे वयाची अट असते का? साठच्या वरच्यांना सोडत नाहीत ना?"

"नाही जी, असं काही नसते," ती म्हणाली. "म्हातारी माणसं तर रोजच येतात. सावकाश नेतो आम्ही."

 मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. ती समोर बघत बसली आणि मला तिची मान दिसत राहिली, टोपीच्या खालची, घामाने ओली झालेली.

त्या फेरीत आम्हाला वाघीण दिसली. पाणवठ्यात मागचं अंग बुडवून बसली होती, पाठ पाण्याकडे आणि तोंड आमच्याकडे. पंधरा-वीस मिनिटं तरी ती तशीच होती. भाऊ फोटो काढत होता, भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या मुलाने दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता. मुलीने मोबाईल बाहेर काढला नाही. ज्या दिवसासाठी तिने वर्षभर वही लिहिली तो दिवस मी तिच्यासमोर बसून नासवला होता, आणि वाघीण कान हलवत आमच्याकडे बघत होती. मला आठवते ती तिची पिवळी कातडी नाही. मला आठवतं की मी मनात म्हणत होते, ऊठ आणि जा आता.

पेंचही झालं. तिथे वाघ दिसला नाही. रानकुत्री दिसली, गवे दिसले. मुलगी माझ्याशी वागायला नेहमीसारखी होती. पाणी मागायची, बॅग उचलायची. फक्त स्वतःहून काही सांगायची थांबली होती. मुक्कामावर मी तिला एकदा बाजूला घेऊन बोलायचा प्रयत्न केला. जागा नव्हती, आत्याला वाईट वाटू नये म्हणून तसं सांगितलं, असं मी म्हणाले. तिने विचारलं, "मग आपण जागा नाही असंच का नाही सांगितलं?" 

परत आलो तेव्हा वन्संनी जेवण करून ठेवलं होतं. आम्ही येणार म्हणून त्या सकाळीच पेणला जाऊन आल्या होत्या आणि गावच्या तळ्यातला जिताडा मासा आणला होता. आमच्याकडे पाहुण्याला जिताडा करतात, घरच्यांसाठी सहसा नाही. हातपाय धुऊन आम्ही बसलो. त्या वाढत होत्या आणि विचारत होत्या. कसा दिसला, केवढा होता, वास आला का. मुलगा सगळं सांगत होता आणि सांगता सांगता म्हणाला, "आत्या, तिथे गेटवर एक आजी होती, दुर्बीण घेऊन."

माझा हात ताटात थांबला.

मुलगी म्हणाली, "ती बाहेरच थांबली होती. घरच्यांना सोडायला आलेली. आत नाही सोडत, आत्या. नियम आहे."

मुलाने बहिणीकडे बघितलं आणि तो खाली मान घालून जेवू लागला. त्याला अकरावं वर्ष होतं. त्यालाही कळलं की इथे काय बोलायचं आणि काय नाही. वन्संनी मला माशाची मधली तुकडी वाढली. मी ती खाल्ली. सोळा वर्षांच्या माझ्या मुलीने माझ्यासाठी, तिला लहानाची मोठी करणाऱ्या बाईशी, डोळ्याला डोळा भिडवून खोटं सांगितलं होतं, आणि मी जिताडा चांगला झालाय म्हणाले.

यानंतर मला वाटलं हे हळूहळू विसरायला होईल. पण पावसाळ्याआधी वन्संच्या गावात एक हळद होती, तिथे गेले तर एक बाई मला म्हणाली, "काय गो, वाघालापन जवान मानसंच लागतात? म्हातारीला नाय सोडला बोलतात." बाकीच्या हसल्या. वन्संही हसल्या आणि सांगायला लागल्या की गाडी कशी उडते, कुणाचं कंबरडं मोडलं तर सरकारवर येतं, म्हणून साठची अट आहे. मी जे फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं त्याला त्यांनी स्वतः आणखी चार कारणं जोडली होती. तिथे बसलेल्या सगळ्यांना तो नियम आता पाठ होता. गणपतीत गेले तेव्हाही कुणीतरी ते काढलंच. मी प्रत्येक वेळी मान हलवली.

थंडीत एका रविवारी मी एकटीच त्यांच्याकडे गेले. नवरा सकाळच्या शिफ्टला होता, मुलं क्लासला. वन्संनी कडवे वाल भिजवून मोड आणले होते आणि पुढ्यात परात घेऊन सोलायला बसल्या होत्या. मीही बसले. मोड आलेला वाल चिमटीत धरून दाबला की साल सुटते. हात चालू राहतात आणि समोर बघायला लागत नाही. एरवी मला ते सांगता आलं नसतं.

"वन्सं," मी म्हटलं, "तसा नियम नव्हता."

त्यांचे हात थांबले नाहीत. "ठाव हाय मना," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. माझा फोन आल्यावर दोन दिवसांनी त्या नवीन कार्ड आलं का बघायला पेणला गेल्या होत्या. केंद्रातल्या बाईंना म्हणाल्या, आता या कार्डाचा काय उपयोग, वयाने अडवलं. त्या बाई म्हणाल्या की असं कुठे ऐकलं नाही, आणि कॉम्प्युटरवर बघून त्यांनी सांगितलं की अशी काही अट नाही. त्यांच्या ओळखीतल्या एकीच्या म्हाताऱ्या सासूबाई मागच्याच वर्षी जाऊन आल्या होत्या.

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं," मी म्हटलं. "मग गावात सगळ्यांना का सांगत बसलात?"

"मंग काय सांगू? आधी सगल्यांना बोलले व्हते, भावाबरोबर वाघ बघाया चालले. मंग नाय गेले, तर इचारनार नाय का? भावाने नाय नेली, असा सांगू? त्यापेक्षा नियम बरा."

मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. परातीत हात चालूच होते. मला वाटत होतं की आता त्या म्हणतील, जाऊ दे, मला कुठे वाघाचं वेड होतं, पोरांबरोबर चार दिवस मिळाले असते एवढंच. बायका असं म्हणतात आणि समोरच्याला मोकळं करतात. मी त्याची वाट बघत होते.

त्या म्हणाल्या, "मना वाघ बघाचा व्हता गो."

थोड्या वेळाने मी म्हटलं की आपण पुन्हा जाऊ. या वर्षी आधीपासून परवाना काढू, फक्त तुम्ही आणि आम्ही चौघं. त्यांनी मान हलवली. आता कसं जाणार, असं त्या म्हणाल्या; गावभर सांगून झालंय की साठच्या वर सोडत नाहीत, आणि त्या तर आता सदुसष्टच्या. गेल्या तर सगळ्यांना कळेल की पहिल्या वेळी काय झालं होतं.

"नियम बदलला म्हणून सांगू," मी म्हटलं.

"अजून किती नियम करशील?" त्या म्हणाल्या. रागाने नाही. खरंच विचारत असल्यासारख्या.

बिरडं सोलून झालं. त्यातलं निम्मं त्यांनी डब्यात भरून मला दिलं. मी चपला घालत होते तेव्हा त्या दारात आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या भावजयीसमोर मी मशेरी लावली नसती."

मी त्यांना ते कारण सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, कुणालाच नाही. गावातून मुख्य रस्त्यापर्यंत चालत आले, दोन्ही बाजूंना मिठागरांची पाणी भरलेली चौकटं होती, आणि मला वाटत होतं की मागे वळून बघितलं तर त्या दारात उभ्या असतील. मी वळले नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं की मी ताईंना खरं सांगून आले. तो बूट काढत होता.  मग म्हणाला, "मीपण होतो ना त्यात. मला तेव्हाच कळलं होतं." पुढच्या महिन्यात तो एक दिवस रजा घेऊन वन्संना फणसाडच्या अभयारण्यात घेऊन गेला. आमच्या इथलंच जंगल, चणेऱ्याच्या रस्त्याने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. मी आले नाही तर चालेल का, असं मी विचारलं, आणि तो चालेल म्हणाला. तिथे त्यांना शेकरू दिसलं. वन्संना ते आवडलं असं तो म्हणाला. पण परत येताना गाडीत त्यांनी त्याला विचारलं होतं की इथे पूर्वी वाघ होते ना.

आत्याला खरं सांगून आल्याचं मुलीला मी सगळ्यांत शेवटी सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती अकरावीत होती, पुस्तकं पसरून बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं केलंस. पण मी नाही सांगितलं अजून."

मी म्हटलं की तिने काही सांगायची गरज नाही, ती लहान होती, ती माझ्यासाठी बोलली होती, आत्याला ते कळतं.

"तुझ्यासाठीच बोलले," ती म्हणाली. "पण बोलले मीच ना."

पुढच्या शनिवारी ती सकाळच्या गाडीने एकटी पेणला गेली आणि दिवस मावळायच्या आत परत आली. मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. पूल ओलांडून अष्टमीच्या बाजाराशी येईपर्यंत मी थांबले, मग विचारलं की आत्या काय म्हणाली.

"जेवायला वाढलं," ती म्हणाली. आणखी काही विचारावं असा तिचा चेहरा नव्हता.

आता ती शिकायला बाहेर असते. आठवड्यातून दोन-तीनदा आत्याला फोन करते, कधी कधी तासभर. वन्सं अजून आमच्याकडे येतात, राहतात, माझ्याशी नेहमीसारखं बोलतात. सकाळी उंबऱ्यावर बसायच्या त्या आता मागच्या दाराने परसात जाऊन बसतात आणि तोंड धुऊन मगच आत येतात. मी त्यांना एकदा म्हटलं, इथेच बसा ना, थंडी आहे बाहेर. त्या म्हणाल्या, बरं वाटतं तिकडं.